बेंचच्या टोकाला बसणारा कोच

माझा नवरा सोहारच्या एका लहानशा कॉलेजात मुलांच्या बास्केटबॉल टीमचा सहायक कोच आहे. हे काम संध्याकाळचं. दिवसा तो औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिक पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याच कॉलेजच्या विद्यार्थी विभागात माझी नोकरी, त्यामुळे त्याची ही दुसरी कारकीर्द मला पहिल्या दिवसापासून जवळून बघायला मिळाली. खरं सांगायचं तर ती सुरू झाली तीच माझ्या तोंडाळपणामुळे.

तेव्हा टीमचा मुख्य कोच ट्युनिशियाचा होता. भरघोस मिशा, खणखणीत आवाज, मन मात्र अगदी मऊ. एका दुपारी तो तणतणत माझ्या ऑफिसात आला आणि खुर्चीत कोसळला. टीममधली निम्मी मुलं ओमानी, बाकीची भारतातली, पाकिस्तानातली. चिडला की त्याचं इंग्लिश पळून जायचं आणि अरबी सुरू व्हायचं.

"मी ओरडतो ते निम्म्यांनाच कळतं," तो म्हणाला. "बाकीचे माझ्याकडे बघून हसतात."

मी म्हटलं, "माझा नवरा खेळायचा बास्केटबॉल. वसईला."

"किती उंच आहे?"

"माझ्यापेक्षा थोडा."

"मग खेळायचा कसा?"

"पळून," मी म्हटलं. तो मिशीत हसला आणि म्हणाला, "उद्या पाठव."

आमच्या वसईत चर्चच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं. रविवारची मिस्सा संपली की मुलं कोट काढून झाडाला अडकवायची आणि खेळायला उतरायची. माझा नवरा तिथलाच. पुढे मुंबईच्या कॉलेजकडूनही खेळला. मग गुडघा गेला, नोकरी लागली, लग्न झालं, आखात आलं. सोहारला आल्यापासून त्याने बॉल हातात घेतला नव्हता. मी जेव्हा त्याला सांगितलं की उद्या कॉलेजात जायचंय, तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "अगं, मला शिकवता येतं की नाही ते मला तरी कुठे माहीत आहे?" असं म्हणाला खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्यातून परस्पर जायचं म्हणून, बूट पिशवीत घालूनच निघाला.

पहिल्याच मॅचला मी मुद्दाम गेले. मुख्य कोच रेषेवर उभा राहून हातवारे करत होता आणि माझा नवरा बेंचच्या पार शेवटच्या टोकाला, राखीव मुलांमध्ये बसला होता. मला वाटलं, बुजला. मी मागच्या पायरीवर सरकून बसले तेव्हा कळलं की तो बुजलेला वगैरे नाही. तो बोलत होता, सारखा, हळू आवाजात.

"आत्ता त्याच्या जागी तू असतास तर?"

"पास दिला असता, सर."

"कुणाला?"

मुलाने कोर्टावर नजर फिरवली. मग बोट दाखवून, "त्या सात नंबरला."

"सातच्या पाठीशी कोण उभा आहे ते बघ आधी. आता सांग."

अख्खी मॅच असं चाललं होतं. ज्यांना आत उतरायला मिळणार की नाही याचाही भरवसा नव्हता, त्या मुलांना तो बसल्या जागी खेळवत होता. उत्तरार्धात कोचने त्यातल्या एकाला आत पाठवलं, तर तो मुलगा आधीपासूनच खेळत असल्यासारखा खेळला. थबकला नाही की गोंधळला नाही. मॅच संपल्यावर कोच माझ्याकडे आला नि म्हणाला, "तुझ्या नवऱ्याने माझ्या बेंचवर दुसरी मॅच सुरू केली आहे. चालू दे."

ती दुसरी मॅच पुढे वर्षानुवर्षं चालली. ओमानी मुलं त्याला 'कॅप्टन' म्हणायला लागली. अरबीत कोचला असंच म्हणतात, हे मला तेव्हा समजलं. आपली मुलं 'सर' म्हणायची. मुख्य कोच मुलांवर ओरडायचा आणि ओरडा खाल्लेला मुलगा माझ्या नवऱ्याच्या शेजारी येऊन बसायचा. मग काय चुकलं ते पुन्हा, शांतपणे, त्या मुलाला कळेल त्या भाषेत सांगितलं जायचं. प्रमोशनचा विषय निघाला तेव्हा त्याने संध्याकाळ मोकळी राहावी म्हणून कारखान्यात कायमची सकाळची शिफ्ट मागून घेतली, आणि प्रमोशन दुसऱ्याला गेलं. त्याबद्दल घरात चार दिवस मी बोलले नाही. पाचव्या दिवशी मॅच होती, तिथे बोलावंच लागलं.

त्या बेंचवर एक मुलगा कायम असायचा. सोहारजवळच्या सहम गावचा, बलुची घरातला, अंगाने किडकिडीत. घरात हिंदी चालायची म्हणून माझ्या नवऱ्याशी त्याचं चटकन जमलं. स्थापत्य शिकत होता. खेळायला बेताचाच, आत उतरला तर शेवटच्या दोन-चार मिनिटांसाठी. पण प्रश्न फार विचारायचा. त्यांनी बचाव का बदलला? आपण टाइमआउट आत्ता का घेतला, मघाशी का नाही? एकदा जेवताना नवरा म्हणाला, "हा पोरगा खेळापेक्षा मॅच जास्त बघतो. असा एखादाच असतो."

मग एक मोठं चक्रीवादळ आलं. सोहार त्यामानाने बचावलं, पण सहमला समुद्र आणि वादीचं पाणी दोन्ही घरांत शिरलं. वादी म्हणजे इथली एरवी कोरडी असलेली नदी. कॉलेज पुन्हा सुरू झालं, तरी तो मुलगा आला नाही. फोन बंद. माझ्या नवऱ्याने दोन दिवस वाट बघितली. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून बाहेर पडताच तो तडक कारखान्याच्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे गेला आणि पिकअप, फावडी, घमेली मागून आणली. टीमच्या मुलांना त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "प्रॅक्टिस आहे. जुने कपडे घाला."

मीही गेले. वाटेत खजुराची झाडं आडवी झालेली, कुंपणाच्या भिंतींवर गाद्या वाळत घातलेल्या. त्याच्या घरात गुडघाभर चिखल होता. तो अंगणात बसून फ्रिजचं दार धूत होता. एकामागून एक गाड्यांतून अख्खी टीम उतरताना बघून तो उभा राहिला आणि संकोचला.

"कॅप्टन, इथे कशाला आलात? घर बसण्यासारखं नाही."

"बसायला कोण आलंय?" माझा नवरा म्हणाला आणि त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

आतल्या खोलीपासून रस्त्यापर्यंत मुलांची रांग लागली. घमेली हातोहात बाहेर. उंच मुलं दमली, कारण ती कमरेतून वाकत होती. "गुडघ्यातून वाक, गुडघ्यातून!" माझा नवरा ओरडला, तसं सगळे हसायला लागले. प्रॅक्टिसमध्ये तो हेच ओरडायचा. त्या मुलाची आई, भरतकाम केलेला लांब झगा खोचून, आधी माझ्याबरोबर भांडी धूत होती. थोड्या वेळाने ती कुठेशी गेली आणि शेजारच्या कोरड्या घरातून कॉफी आणि खजूर घेऊन आली. पिकअपच्या मागच्या फळीवर ते मांडून तिने सगळ्यांना हाताला धरधरून खाऊ घातलं. चार शुक्रवार आम्ही गेलो. शेवटच्या शुक्रवारी फरशी दिसली.

त्या मुलाने कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. वडिलांचं दुकान वाहून गेलं होतं, आता कामाला लागायचं, असं त्याचं म्हणणं. माझ्या नवऱ्याने उपदेश केला नाही. निघताना एवढंच विचारलं, "परीक्षा कधी आहे?" त्याला माहीत नव्हतं. "मग ते आधी बघ. बाकीचं नंतर ठरवू." गैरहजेरीचं काय करायचं ते मी ऑफिसात पाहिलं, तेवढं माझ्या हातात होतं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा बेंचवर येऊन बसला. पदवी घेतली, आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल असं केलं. स्थापत्याच्या नोकरीऐवजी मस्कतला जाऊन खेळाच्या प्रशिक्षणाचा कोर्स केला, तिथल्या एका क्लबात लहान मुलांना शिकवू लागला. आम्हाला मधूनमधून त्याचे फोन यायचे. फोनवर दोघं तासतास बचावावर बोलायचे.

दरम्यान ट्युनिशियाचा कोच मायदेशी परतला. जाताना माझ्या नवऱ्याला मिठी मारून रडला. कॉलेजने एका हंगामापुरतं माझ्या नवऱ्यालाच मुख्य कोच केलं. मी वसईला आईला फोन लावला, घरात केक आला. मला वाटलं, आता याच्या कष्टाचं चीज झालं.

तो हंगाम वाईट गेला. हे मी त्याची बायको असूनही सांगते, कारण तो स्वतः सगळ्यांना सांगतो. त्याला कुणाला बाहेर काढणंच जमेना. एखादा मुलगा चुकत असला तरी त्याला वाटायचं, अजून दोन मिनिटं दिली तर सुधारेल. बेंचवरचा प्रत्येक मुलगा त्याने स्वतः तयार केलेला, त्यामुळे सगळ्यांना खेळवायचं. मॅच हातची जायची. घरी आला की टीव्हीपुढे बसायचा, टीव्ही बंदच असायचा. एकदा त्याने एका मुलावर आवाज चढवला, अगदी ट्युनिशियाच्या कोचसारखा. तो मुलगा ओरडा खाऊन बेंचच्या टोकाला जाऊन बसला आणि तिथे त्याच्याशी बोलायला कुणीच नव्हतं. ते मी बघितलं. त्यानेही बघितलं असणार.

हंगाम संपल्यावर कॉलेजने नवा मुख्य कोच नेमला. सहमचा तोच बेंचवरचा मुलगा. आता त्याने कोर्स केला होता, त्याला अनुभव होता आणि तो इथलाच होता. मला ऑफिसात सगळ्यांच्या आधी कळलं. घरी येईपर्यंत माझा पारा चढला होता. पण मी काही बोलायच्या आतच बेल वाजली. दारात सहमचा तो मुलगा उभा, अंगात पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, हातात ओमानी हलव्याचा डबा.

तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "कॅप्टन, त्यांनी मला विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. ती खुर्ची तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी त्यांना नाही सांगतो, खलास."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मनात म्हटलं, म्हण नको. म्हण एकदा.

माझा नवरा म्हणाला, "बस आधी." मग म्हणाला, "तू सेंटरला कुणाला खेळवणार?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

"आपला लांब्या ग्रॅज्युएट झाला. सेंटरची जागा रिकामी आहे. दोन महिने मी त्याचाच विचार करतोय. तुझ्या डोक्यात कोण आहे?"

तो हळूच बसला. त्याने एक नाव घेतलं. माझा नवरा म्हणाला, "छे, तो पळतच नाही." तो म्हणाला, "पळायची गरजच नाही, कॅप्टन, मी दाखवतो," आणि टेबलावरच्या मीठदाणी, चमचे, पेले घेऊन दोघांनी माझ्या जेवणाच्या टेबलाचं कोर्ट करून टाकलं. हलवा मीच उघडला. आमची मुलगी, तेव्हा सातवीत, माझ्या कानाशी लागून तिच्या मराठीत म्हणाली, "ममा, डॅडी डिमोट झाला का?"

तो गेल्यावर मी नवऱ्याला तेच विचारलं, जरा जास्त शब्दांत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, मी वर्षभर ते काम करून बघितलं ना? मला ते येत नाही."

"एका वर्षात कळतं?"

"मला कळलं. मुलगा घडवायला मला आवडतं. पण त्याला बाहेर काढायचं म्हटलं की माझा हात उचलला जात नाही. मुख्य कोचला तो उचलावा लागतो." मग म्हणाला, "आणि याला येतं ते. मी बघितलंय."

मी तेव्हा मानलं नाही. पुढच्या महिन्यांत मानायला लागले.

सुरुवातीला नव्या कोचचं मुलांशी जमेना. तो कडक होता. उशिरा आलेल्याला परत पाठवायचा, मग तो कितीही चांगला खेळाडू असो. पहिल्या दोन्ही मॅच हरलो. एका संध्याकाळी टीममधली तीन-चार मुलं आमच्या घरी आली. मी चहा टाकला. ती सांगायला लागली, सर, तुम्ही होतात तेव्हा बरं होतं, हा आम्हाला नुसता पळवतो, तुम्ही कॉलेजला सांगा.

माझ्या नवऱ्याने कप खाली ठेवला. "हे त्याला सांगितलंत?"

"त्याला कसं सांगणार?"

"तोंडाने. उद्या प्रॅक्टिसच्या आधी. एकट्याने जमत नसेल तर मी तुमच्याबरोबर उभा राहीन. पण त्याच्यामागे त्याच्याबद्दल माझ्या घरात बोलायचं नाही. चहा घ्या, गार होतोय."

दुसऱ्या दिवशी ती मुलं खरंच बोलली. माझा नवरा शेजारी हाताची घडी घालून नुसता उभा. नव्या कोचने सगळं ऐकलं. पळणं काही कमी केलं नाही, पण कशासाठी पळायचं ते त्या दिवसापासून आधी सांगायला लागला. तीसुद्धा सवय तो बेंचवरच शिकला असणार. आणि माझा नवरा परत बेंचच्या टोकाला गेला. मी त्याला इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्या हंगामात टीम उपांत्य फेरीत पोचली. मॅच मस्कतला. आम्ही कॉलेजच्या बसमधून गेलो, मी, मुलगी आणि दोन सहकारी. समोरची टीम मोठ्या कॉलेजची, त्यांच्या मुलांचे बूटसुद्धा एकसारखे. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही एका बास्केटने मागे होतो. तेवढ्यात आमचा सेंटर पाचवा फाउल करून नियमाप्रमाणे बाहेर गेला. नव्या कोचने टाइमआउट घेतला.

मुलं घोळका करून उभी राहिली आणि सवयीने सगळ्यांचे चेहरे माझ्या नवऱ्याकडे वळले. मी वरून बघत होते. कोचही त्याच्याकडेच बघत होता. मग माझा नवरा दोन पावलं मागे सरकला, मुलांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला आणि तोही कोचकडे बघायला लागला, जसा एखादा खेळाडू बघतो तसा.

मुलांच्या माना वळल्या. कोच बोलायला लागला.

त्याने जे केलं ते बघून मी तोंडावर हात ठेवला. सेंटरच्या जागी कुणाला आणायचं तो प्रश्न होताच, पण त्याने आमच्या सगळ्यात जास्त गुण करणाऱ्या मुलालाही खाली बसवलं आणि बेंचवरची दोन मुलं आत पाठवली. त्यातला एक, ज्याच्याबद्दल माझा नवरा आमच्या टेबलावर 'पळत नाही' म्हणाला होता तोच. तो खरंच पळाला नाही. बास्केटखाली खांब रोवल्यासारखा उभा राहिला आणि समोरच्यांचे चुकलेले दोन्ही बॉल त्याच्या हातात पडले. दोन्ही वेळा त्याने न बघता पुढे फेकले, आणि तिथे दुसरा मुलगा आधीच पळत सुटलेला. दोन्ही वेळा बास्केट. आम्ही जिंकलो. माझी मुलगी माझ्या खांद्यावर चढायच्या बेतात होती. खाली कोच आपल्या मुलांना सोडून सरळ बेंचच्या टोकाला गेला आणि माझ्या नवऱ्याच्या कपाळावर त्याने ओठ टेकले. इथे वडीलधाऱ्यांना असा मान देतात.

मस्कतलाच झालेला अंतिम सामना आम्ही हरलो, तोही चांगल्या फरकाने. त्यात सांगण्यासारखं काही नाही, समोरची टीम उत्तमच होती.

परतीच्या वाटेवर बस सहमजवळ थांबली. कोचच्या आईने टीमसाठी जेवण करून ठेवलं होतं. जमिनीवर मोठमोठी ताटं, भात आणि मासे, मुलं गोल करून बसलेली. माझा नवरा आणि कोच एकाच ताटाशी. उपांत्य सामन्याचा विषय निघाला तेव्हा मी मध्येच विचारलं, "खरं सांग, तू असतास तर त्या जास्त गुण करणाऱ्या मुलाला खाली बसवलं असतंस?"

"मी?" माझा नवरा हसला. "कधीच नाही. मला ते सुचलंच नसतं. आणि सुचलं असतं तरी मी केलं नसतं." मग त्याने कोचकडे मान वळवून हिंदीत तेच त्याला सांगितलं, सगळ्या मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कोच खाली मान घालून माशातला काटा काढत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या आईला बास्केटबॉलमधलं काही कळलं नसावं, तरी तिने माझ्या नवऱ्याच्या बाजूला आणखी भात लोटला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. गुडघा पुन्हा कुरकुर करतो, तरी नवऱ्याची सकाळची शिफ्ट आणि संध्याकाळचं कोर्ट चालू आहे. टीम कधी जिंकते, कधी हरते. मधे मस्कतच्या एका शाळेने त्याला मुख्य कोच म्हणून बोलावलं होतं. त्याने मला विचारलं, "तुला काय वाटतं?" पूर्वीची मी असते तर त्याच रात्री बॅगा भरल्या असत्या. मी म्हटलं, "तुला ते येत नाही." तो इतका जोरात हसला की शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केली.

काल नव्या हंगामाची पहिली प्रॅक्टिस होती. काम संपवून मी थोडा वेळ पायऱ्यांवर बसले. कोचने शिट्टी मारली, जुनी मुलं पळायला लागली. नवीन चार मुलं एका बाजूला घुटमळत होती, त्यातल्या एकाला बॉल धरायचासुद्धा कसा ते ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याने त्यांना आपल्या शेजारी बेंचवर बसवलं, कोर्टाकडे बोट दाखवलं आणि बोलायला सुरुवात केली.